अफूवर्गीय वेदनाशामके आणि घरची देखरेख: आधी श्वास मोजा, मग नाडी

जानेवारीतली रात्र होती. निफाडचा पारा घसरला की नाशिक शहरही गारठते, तशीच ती रात्र. पंचवटीतील जुन्या वाड्याच्या माडीवर माझे मामा दोन रजया पांघरून गाढ झोपले होते आणि मामी उशाशी बसून कुजबुजत होती, "झोपू दे गं त्यांना. किती दिवसांनी डोळा लागलाय." फुफ्फुसाचा कर्करोग हाडांत उतरल्यामुळे मामांना मॉर्फिनच्या गोळ्या सुरू होऊन आठवडा झाला होता आणि घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावलेले होते. शस्त्रक्रियेनंतरच्या कक्षात मी वीस वर्षांहून अधिक काळ परिचारिका म्हणून काम केलेले आहे, तरीही त्या रात्री मी सर्वांत आधी ऑक्सिमीटरकडेच पाहिले. आकडा ९५ होता, नाडी ६४ होती. मी निर्धास्त होऊन खाली चहा घ्यायला गेले. पंधरा मिनिटांनी परत आले तेव्हा त्यांच्या घोरण्यात मध्येच पडणारी शांतता खटकली. घड्याळ समोर धरून पोटाची हालचाल पाहत बसले, तर पूर्ण मिनिटात ६ श्वास भरले.

त्या रात्रीचे पुढचे ओघात येईल. हा लेख मात्र अशा घरांसाठी आहे, जिथे एखाद्या रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर, हाड मोडल्यानंतर किंवा कर्करोगाच्या वेदनेसाठी ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, मॉर्फिन, ब्युप्रेनॉर्फिन किंवा फेंटानिल सुरू झाले आहे आणि देखरेख घरच्यांनीच करायची आहे. औषध किती घ्यावे हे ठरवणे डॉक्टरांचे काम आहे आणि त्यांनी तुमच्या रुग्णासाठी वेगळे आकडे सांगितले असतील, तर तेच प्रमाण मानावेत. ही औषधे घाबरून टाळण्यासारखी मुळीच नाहीत. तीव्र वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला ती नाकारणे हा निव्वळ छळ आहे. पण ती शरीरात कुठे जाऊन काय करतात हे कळल्याशिवाय देखरेख नीट होत नाही, म्हणून आधी थोडे तेच पाहू.

श्वासाची हाक कोण देते

शरीरातील ऑक्सिजन कमी झाला म्हणून आपण पुढचा श्वास घेतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात निरोगी माणसाला श्वासाची हाक मुख्यतः रक्तातील कार्बन डायऑक्साइड देतो. धमनीतील रक्तात त्याचा दाब साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर पारा इतका असतो. तो किंचित वाढला तरी मेंदूच्या तळाशी असलेल्या, शाळेत आपण मस्तिष्कपुच्छ किंवा लंबमज्जा या नावाने शिकलेल्या भागातील केंद्रे सावध होतात आणि श्वासाचा वेग व खोली वाढवतात. अफूवर्गीय औषधे पेशींवरील ज्या 'म्यू' नावाच्या जागांवर, म्हणजे ग्राहींवर, बसून वेदना शमवतात, तेच ग्राही या श्वसनकेंद्रांतही असतात. त्यामुळे वेदनेचा निरोप दबतो, तशीच कार्बन डायऑक्साइडची हाकही दबते. वायू साचत जातो आणि मेंदूला त्याचे काही वाटत नाही. धाप लागत नाही, जीव घाबरा होत नाही, रुग्ण तक्रार करत नाही. दम्याच्या रुग्णासारखी धडपड इथे दिसत नसल्यामुळेच घरचे फसतात.

श्वासावरचा परिणाम तीन अंगांनी होतो. श्वासांची संख्या घटते, प्रत्येक श्वास उथळ होतो आणि घशाचे स्नायू सैल पडल्यामुळे जीभ मागे जाऊन हवेची वाट अडते. खोकल्याची उबळही दबते. म्हणून कफ साचणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत घरघर वाढू शकते. यावर एक नैसर्गिक उतारा असतो आणि तो म्हणजे स्वतः वेदना. वेदना श्वसनकेंद्राला सतत डिवचत राहते. त्यामुळे वेदना एकाएकी कमी झाली, उदाहरणार्थ हाडावर घेतलेल्या रेडिएशनचा गुण आला किंवा नस बधिर करणारे इंजेक्शन लागू पडले, तर कालपर्यंत झेपणारा तोच डोस आज जड होऊ शकतो. असे काही घडले की डॉक्टरांना स्वतःहून कळवावे.

हृदय आणि रक्ताभिसरण

हृदयाच्या स्नायूवर या औषधांचा थेट आघात फारसा होत नाही. म्हणूनच हृदयाच्या शस्त्रक्रियेतसुद्धा भूलतज्ज्ञ फेंटानिल वापरतात. परिणाम होतो तो आडमार्गाने. मेंदूकडून हृदयाकडे जाणारी व्हेगस ही नस अधिक सक्रिय होते आणि नाडी मंदावते. रक्तवाहिन्यांना आवळून धरणारी मेंदूकडून येणारी आज्ञा सैल पडते. मॉर्फिन आणि कोडीन यांच्यामुळे शरीरात हिस्टामिन नावाचे रसायन सुटते, त्याने वाहिन्या रुंदावतात, अंगाला खाज येते, चेहरा लाल होतो. पडून असलेल्या रुग्णाचा रक्तदाब त्यामुळे फारसा बदललेला दिसत नाही, पण तोच रुग्ण उठून उभा राहिला की रक्त पायांत उतरते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. फेंटानिलने हिस्टामिन जवळजवळ सुटत नाही. पेंटाझोसिन तर उलट वागते. ते रक्तदाब आणि हृदयावरचा भार वाढवते, म्हणून हृदयविकाराच्या झटक्यात ते टाळले जाते. ट्रामाडॉलची गंमत आणखी वेगळी आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

या औषधांचा डोस जास्त झाल्यावर हृदय बंद पडते, पण बहुतेक वेळा सर्वांत शेवटी. आधी गुंगी येते, मग श्वास मंदावतो, मग ऑक्सिजन घटतो आणि ऑक्सिजन न मिळालेले हृदय अडखळत थांबते. म्हणजे बीपीचे यंत्र आणि नाडी धोक्याची सूचना देतात, तोवर बराच वेळ गेलेला असतो. देखरेखीचा क्रम ठरतो तो इथून: आधी शुद्ध, मग श्वास, मग नाडी आणि रक्तदाब.

पहिली पायरी: सगळ्या चिठ्ठ्या एका टेबलावर

रुग्ण घरी आल्याच्या दिवशीच घरातील सर्व औषधे, रोजची, अधूनमधूनची, झोपेची, खोकल्याची, मुळव्याधीची, सगळी एका टेबलावर मांडावीत आणि प्रत्येकाचे मूळ नाव वहीत लिहावे. मूळ नाव स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात असते. मेडिकलवाल्याने ब्रँड बदलून दिला की तीच गोळी दोन नावांनी घरात येते आणि रुग्ण ती दुप्पट घेतो. हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. पॅरासिटामॉलसोबत ट्रामाडॉल एकत्र असलेली गोळी तर हमखास दुर्लक्षित राहते, कारण ती "साधी दुखण्याची गोळी" म्हणून ओळखली जाते.

मामांचे नेमके इथेच चुकले. मॉर्फिन शहरातल्या एका रुग्णालयातून सुरू झाले होते आणि झोप येत नाही म्हणून अल्प्राझोलम दुसऱ्याच डॉक्टरांकडून आलेले होते. दोन्ही चिठ्ठ्या आपापल्या जागी बरोबर होत्या. त्या शेजारी शेजारी ठेवून कोणीच वाचल्या नाहीत, मीसुद्धा नाही. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, झोल्पिडेम यांसारखी झोपेची औषधे, नसांच्या दुखण्यासाठी दिली जाणारी गॅबापेंटिन व प्रिगाबालिन, झोप आणणारी सर्दीखोकल्याची औषधे आणि दारू, यांपैकी काहीही अफूवर्गीय औषधासोबत आले की श्वास मंदावण्याच्या धोक्याची नुसती बेरीज होत नाही, त्याचा गुणाकार होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने झोपेच्या या गोळ्यांसंबंधी २०१६ मध्ये आणि गॅबापेंटिन वर्गाविषयी २०१९ मध्ये स्वतंत्र इशारे दिले आहेत. हे मिश्रण कधी कधी डॉक्टर जाणूनबुजून देतात आणि त्याला कारणही असते, मात्र "हे दोन्ही सोबत चालू आहे हे आपल्याला माहीत आहे ना?" एवढा प्रश्न त्यांना थेट विचारावा. घरात कोणी पीत असेल, तर तेही लाज न बाळगता सांगावे. स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी एकदम बंद मात्र करू नये.

याच वेळी डॉक्टरांना सांगायच्या आणखी काही गोष्टी आहेत: रात्री मोठ्याने घोरण्याची आणि मध्येच श्वास अडकण्याची जुनी सवय, दमा किंवा धूम्रपानाने खराब झालेली फुफ्फुसे, वाढलेले वजन, पासष्टीच्या पुढचे वय आणि मूत्रपिंडाचा आजार. मूत्रपिंडाची बाब विशेष. मॉर्फिनचे यकृतात रूपांतर होऊन जो अंश तयार होतो, तोही श्वास दाबणारा असतो आणि तो लघवीवाटे बाहेर पडतो. क्रिएटिनिन वाढलेल्या रुग्णात तो साचत जातो आणि तिसऱ्या चौथ्या दिवशी, डोस न वाढवताही, गुंगी चढू लागते. अशा रुग्णाला बहुधा फेंटानिलसारखे दुसरे औषध दिले जाते. उन्हाळ्यात उलट्याजुलाब होऊन लघवी कमी झाली, तरी हाच प्रकार घडू शकतो.

लहान मुलांबद्दल एकच वाक्य पुरे आहे: कोडीन किंवा ट्रामाडॉल बारा वर्षांखालील मुलाला देऊ नये, कारण काही मुलांचे यकृत कोडीनचे मॉर्फिनमध्ये इतक्या झपाट्याने रूपांतर करते की नेहमीचा डोसही जिवावर बेततो.

दुसरी पायरी: औषधापूर्वीचा श्वास लिहून ठेवा

प्रौढ माणूस विसाव्याला असताना मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. तुमच्या रुग्णाचा स्वतःचा आकडा कोणता, हे औषध सुरू होण्यापूर्वीच माहीत असले पाहिजे. ते शक्य नसेल, तर पहिल्या दिवशी जागेपणी दोनतीनदा मोजून लिहावे. वही साधी असू द्या. तारीख, वेळ, औषध व डोस, श्वास, जाग कशी आहे, नाडी, रक्तदाब, शौचास झाले की नाही, एवढे रकाने पुरतात.

श्वास मोजण्याचीही रीत आहे. "बाबा, श्वास मोजते हं" असे सांगितले की माणसाचा श्वास बदलतो, म्हणून न सांगता मोजावे. झोपलेल्या रुग्णाला हात न लावता, पांघरूण पोटाच्या वर किंचित सरकवून, छाती आणि बेंबी यांच्या मधल्या जागेकडे पाहावे. छाती वर उचलली जाऊन खाली गेली की एक. दिवा मंद असेल आणि काही दिसत नसेल, तर तळहात अलगद पोटावर टेकवावा. मोजणी पूर्ण ६० सेकंद करावी. १५ सेकंद मोजून चारने गुणण्याची घाई नेमकी याच औषधांत दगा देते, कारण श्वास अनियमित झालेला असतो आणि वीस सेकंदांचा खंड त्या पंधरा सेकंदांत सापडेलच असे नाही. मोजताना कानही उघडे ठेवावेत. नेहमी न घोरणारा माणूस घोरू लागला, घशातून गुळण्यांसारखा आवाज आला किंवा घोरणे मध्येच तुटून पुन्हा मोठ्या उसाशाने सुरू झाले, तर ती गाढ झोप समजू नये.

तिसरी पायरी: झोप की गुंगी

आपल्याकडे आजारी माणसाला झोपेतून उठवणे क्रूरपणाचे मानले जाते आणि तीच गोष्ट या औषधांत महागात पडते. श्वास दबण्याआधी जवळजवळ नेहमीच गुंगी वाढलेली असते, म्हणून ती तपासावीच लागते. नावाने हाक मारावी. डोळे उघडून नीट उत्तर दिले आणि पुन्हा झोपले, तर काळजी नाही. उत्तर देताना वाक्य अर्ध्यावर सोडून मान कलंडली, तर ती पिवळ्या दिव्याची खूण आहे. पुढचा डोस न देता डॉक्टरांना फोन करावा. हाकेला अजिबात दाद नाही, खांदा हलवल्यावरच जेमतेम डोळे उघडतात, अशी स्थिती झाली की लाल दिवा लागला. डोळ्यांवर टॉर्च टाकून बाहुली पाहिली, तर ती टाचणीच्या टोकाएवढी बारीक दिसेल. मात्र नियमित मॉर्फिन घेणाऱ्या पूर्ण जाग्या रुग्णाच्याही बाहुल्या बारीक असतात, त्यामुळे एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

आकड्यांत सांगायचे, तर श्वास १० च्या खाली गेले की पुढचा डोस थांबवून डॉक्टरांशी बोलावे. श्वास ८ किंवा त्याहून कमी असतील, किंवा आकडा कितीही असो पण रुग्ण जागा होत नसेल, तर १०८ ला फोन करावा. अखेरच्या दिवसांतील रुग्णाचा किंवा हृदय दुर्बल झालेल्या रुग्णाचा श्वास औषधाशिवायही लाटेसारखा वाढत आणि थांबत असतो. अशा घरांनी काय करायचे हे उपशामक सेवेच्या, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या, डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे, कारण त्या क्षणी औषधाला दोष देऊन ते बंद करणे म्हणजे वेदना परत बोलावणे.

केव्हा मोजावे? पहिल्या २४ तासांत आणि डोस वाढवल्यानंतरच्या २४ तासांत सर्वाधिक लक्ष ठेवावे लागते. साध्या मॉर्फिन गोळीचा भर तासाभरात येतो आणि परिणाम चारेक तास टिकतो, म्हणून गोळी दिल्यानंतर एका तासाने एक मोजणी हवीच. दिवसातून दोनदा घेण्याची, औषध हळूहळू सोडणारी गोळी असेल, तर भर उशिरा येतो. ती गोळी फोडू, चावू किंवा चुरून पाण्यात कालवू नये, नाहीतर बारा तासांचे औषध एकदम अंगात उतरते. रात्री दोन ते पहाटे पाच ही वेळ सर्वांत फसवी असते, कारण झोपेमुळे श्वास आधीच संथ असतो आणि पाहणाराही पेंगत असतो. आठवडाभर एकच डोस नीट चालला, की शरीर श्वासावरच्या परिणामाला बरेचसे सरावते आणि मोजण्या कमी करता येतात. हा सराव मात्र टिकाऊ नसतो. चारसहा दिवस औषध सुटले आणि मग पुन्हा जुन्याच पूर्ण डोसाने सुरू केले, तर अपघात होतो. पुनःप्रारंभाचा डोस डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

ऑक्सिमीटरचा चकवा

कोरोनाच्या काळात घरोघरी आलेले हे यंत्र उपयुक्त आहे, पण इथे त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. ते रक्तातील ऑक्सिजन दाखवते. कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही. खोलीतील साध्या हवेवर असलेल्या रुग्णाचा श्वास मंदावला की आकडा तुलनेने लवकर घसरतो. नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली असेल, तर मिनिटाला सहाच श्वास घेऊनही त्या प्रत्येक श्वासात भरपूर ऑक्सिजन जातो आणि आकडा ९५ राहतो, तर आत साचलेला कार्बन डायऑक्साइड रुग्णाला अधिकाधिक गुंगीत ढकलत असतो. मामांच्या उशाशी मी ज्या आकड्यावर विसंबले, तो असा खरा आणि निरुपयोगी होता. थंडीने गारठलेल्या बोटांवर तर यंत्र मुळातच चुकीचे वाचते. बोट चोळून ऊब आणावी, नेलपॉलिश काढावे आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. ऑक्सिजन चालू असलेल्या रुग्णाबाबत यंत्र दुय्यम आणि घड्याळ मुख्य, एवढे पक्के धरावे.

चौथी पायरी: उठताना, आंघोळीत आणि शौचालयात

पाच मिनिटे पडून राहिल्यावर रक्तदाब घ्यावा, मग रुग्णाला उभे करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घ्यावा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर रुग्णाने एकट्याने उठू नये आणि रक्तदाबाच्या चालू गोळ्यांविषयी डॉक्टरांशी बोलावे. रक्तदाबाच्या, लघवी जास्त होण्याच्या आणि प्रोस्टेटसाठीच्या गोळ्या या घसरणीत भर घालतात. उठण्याची रीत अशी ठेवावी: आधी कुशीवर, मग काठावर बसून पाय दोन मिनिटे हलवायचे, मग कुणाला तरी धरून उभे राहायचे. जुन्या वाड्यांतील उभे जिने हा तर स्वतंत्र विषय आहे; माडीवरचा पलंग पहिल्या आठवड्यापुरता तरी खाली ओटीवर आणावा. कढत पाण्याच्या आंघोळीने रक्तवाहिन्या आणखी रुंदावतात आणि न्हाणीघरात भोवळ येते, म्हणून पाणी कोमट ठेवावे, स्टूलवर बसून आंघोळ करावी आणि आतून कडी लावू नये.

बद्धकोष्ठाचा हृदयाशी काय संबंध, असे वाटेल. पण जोराने कुंथताना छातीतील दाब वाढून हृदयाकडे परतणारे रक्त क्षणभर अडते, आणि आधीच सैल असलेल्या रक्तवाहिन्यांमुळे माणूस तिथेच कोसळतो. श्वासाच्या परिणामाला शरीर सरावते, आतड्यांच्या मंदपणाला मात्र फारसे सरावत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून डॉक्टरांनी दिलेले बिसाकोडिल किंवा सोनामुखीसारखे रेचक चालू ठेवावे. आपल्याकडे सवयीने इसबगोल दिले जाते. पाणी कमी पिणाऱ्या, पडून असलेल्या रुग्णात ते आतड्यात गोळा होऊन बसते, तेव्हा ते इथे नकोच.

हृदयाची लय: कोणाचा ईसीजी आधी हवा

सर्वांना गरज नसते. याच वर्गातील मेथाडोन सुरू करायचे असेल, तर मात्र ईसीजी आधी काढतात, कारण त्याने प्रत्येक ठोक्याच्या विद्युत लहरीपासून हृदय पुन्हा सज्ज होईपर्यंतचा वेळ, म्हणजे क्यूटी हा काळ, लांबतो. हा काळ ५०० मिलिसेकंदांच्या वर गेला की प्राणघातक अनियमित ठोक्यांचा धोका खरा होतो. घरच्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट अशी की मळमळीसाठी सहज दिली जाणारी ऑन्डान्सेट्रॉन आणि डोमपेरिडोन, तसेच अझिथ्रोमायसिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविके हाच काळ लांबवतात आणि जुलाबांनी पोटॅशियम घटले की भर पडते. हृदयाची लय बिघडवत असल्याच्या कारणावरून डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफिन हे एकेकाळचे लोकप्रिय वेदनाशामक अमेरिकेत २०१० मध्ये बाजारातून काढून घेण्यात आले. कुणाच्या कपाटात त्याची जुनी पट्टी सापडली, तर ती वापरू नये.

आता ट्रामाडॉल. ते वेदना शमवताना सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिन ही रसायनेही वाढवते, त्यामुळे नाडी मंदावण्याऐवजी धावू शकते. नैराश्यासाठी एस्सिटॅलोप्राम, सरट्रालिन किंवा फ्लुओक्सेटिन चालू असलेल्या रुग्णाला त्यासोबत हातपाय थरथरणे, घाम, ताप, घाबरेपणा आणि वेगवान ठोके सुरू झाले, तर लगेच रुग्णालय गाठावे. दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर गेल्यास, आणि फिट येण्याची जुनी प्रवृत्ती असल्यास त्याआधीही, फिट येऊ शकते. कांद्याच्या या जिल्ह्यात फिट आलेल्या माणसाच्या नाकाला कांदा लावण्याची पद्धत अजून गेलेली नाही. त्याने काही होत नाही, रुग्णाला कुशीवर वळवून वाट मोकळी ठेवणे एवढेच करायचे असते.

छातीत दुखू लागले, तर घरातील अफूवर्गीय गोळी देऊन वाट पाहत बसू नये. या औषधांनी जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो आणि हृदयविकाराच्या झटक्याच्या वेळी तोंडाने दिलेली क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉरसारखी रक्ताची गुठळी रोखणारी गोळी रक्तात उशिरा पोहोचते. शेवटची गोळी कोणती व किती वाजता घेतली, हे तातडीच्या विभागात पहिल्यांदा सांगावे.

पॅच आणि नाशिकची थंडी

फेंटानिलचा पॅच, म्हणजे त्वचेवर चिकटवायची औषधाची पट्टी, ७२ तासांसाठी असतो. चिकटवल्यावर पूर्ण परिणामाला १२ ते २४ तास लागतात आणि काढल्यावरही त्वचेखाली साठलेले औषध उतरत राहते. रक्तातील पातळी निम्म्यावर येण्यास साधारण १७ तास जातात. म्हणून पॅच काढला की धोका संपला, असे होत नाही. तासाला २५ मायक्रोग्रॅम सोडणारा पॅच दिवसाला सुमारे ६० मिलिग्रॅम तोंडी मॉर्फिनच्या तोडीचा आहे. आधी अफूवर्गीय औषधाची सवय नसलेल्या माणसाला, शेजारच्या काकांचा उरला आहे म्हणून, तो लावणे जीवघेणे आहे.

उष्णतेने पॅचमधून औषध वेगाने शिरते. डिसेंबर जानेवारीत पाठीखाली गरम पाण्याची पिशवी, शेकोटीला पाठ करून बसणे, विजेचे ब्लँकेट, आणि एप्रिल मे मध्ये उन्हात गच्चीवर पडणे, हे सगळे टाळावे. ताप ३९ अंशांच्या पुढे गेला, तर डॉक्टरांना कळवून श्वास अधिक वेळा मोजावा. फ्लुकोनाझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन सुरू झाले, तरीही तसेच, कारण ती औषधे यकृतात फेंटानिलचा निचरा अडवतात. नवा लावण्यापूर्वी जुना पॅच शोधून काढावा. पाठीवर दोन पॅच विसरून राहिलेले मी पाहिले आहेत.

जाग येत नसेल तर

मामांच्या वेळी माझ्या हातून घडले ते योग्य क्रमाने असे. "मामा, डोळे उघडा," म्हणून दोनदा ओरडले, मग छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या पेरांनी जोरात रगडले. डोळे किलकिले झाले, एक खोल श्वास आला आणि पुन्हा झापड. मामेभावाने १०८ फिरवला आणि मी मामींना मामांशी सतत मोठ्याने बोलत राहायला लावले, कारण हाकेनेसुद्धा काही श्वास मिळतात. हनुवटी उचलून मान मागे केली, तशी अडलेली वाट मोकळी झाली. तोंडातील कवळी काढली आणि कुशीवर वळवले. गल्लीत रुग्णवाहिका शिरणार नव्हती, म्हणून एकाला हमरस्त्यावर टॉर्च घेऊन उभे केले आणि खुर्चीवर बसवून जिन्यावरून उतरवण्याची तयारी केली. तुमचे घर अशा गल्लीत असेल, तर गाडी कुठपर्यंत येते आणि कोणती खूण सांगायची, हे आजच कागदावर लिहून दारामागे चिकटवा.

श्वास पूर्ण थांबला असेल किंवा अधूनमधून आचके येत असतील आणि नाडी लागत असेल, तर नाक चिमटीत धरून तोंडाने दर ५ ते ६ सेकंदांनी एक श्वास द्यावा, प्रत्येक वेळी छाती उचललेली दिसली पाहिजे. नाडी लागत नसेल किंवा शंका असेल, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावा आणि ३० दाबांनंतर २ श्वास. इथे मूळ बिघाड ऑक्सिजनचा असल्यामुळे, ज्याला येत असेल त्याने श्वास देणे टाळू नये. अंगावर पॅच असेल तर काढून टाकावा. मिठाचे पाणी, कॉफी, लिंबू काहीही तोंडात घालू नये, थंड पाणी अंगावर ओतू नये, धरून चालवू नये.

रुग्णालयात नॅलॉक्सोन देतात. ते म्यू ग्राहींवरून औषधाला हुसकावते आणि शिरेतून दिल्यावर दोनेक मिनिटांत श्वास परततो. मामांना ते थेंबाथेंबाने, मोजून दिले गेले, कारण एकदम पूर्ण उतारा दिला तर वेदना उसळते, रक्तदाब भडकतो आणि क्वचित फुफ्फुसांत पाणी भरते. त्याचा अंमल ३० ते ९० मिनिटेच टिकतो, पॅच किंवा दीर्घकाळ चालणारी गोळी त्याहून कितीतरी जास्त. रुग्ण उठून बसला, बोलू लागला, आता घरी नेतो, असा आग्रह नातेवाईक याच क्षणी धरतात. तो धरू नये. ट्रामाडॉलवर हा उतारा अर्धवटच चालतो आणि फिट येण्याची शक्यता वाढते, म्हणून कोणते औषध घेतले ते सांगणे अत्यावश्यक.

औषध मिळणे, सांभाळणे आणि परत करणे

मॉर्फिन सरसकट प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन वैद्यकीय वापराच्या मॉर्फिन, फेंटानिल यांसारख्या औषधांसाठी मान्यताप्राप्त संस्थांची एकसमान व्यवस्था झाली. ट्रामाडॉल २०१८ मध्ये या कायद्याखाली आले. त्यामुळे गोळ्या संपण्याच्या आदल्या दिवशी धावपळ करून भागत नाही, शनिवार रविवार आणि सणांच्या सुट्ट्या धरून चार दिवस आधी जावे, सोबत वही आणि जुनी चिठ्ठी न्यावी.

घरात औषध कुलपात ठेवावे आणि मोजून ठेवावे. वापरलेल्या पॅचमध्येही लहान मुलाचा जीव घेण्याइतके औषध उरते. तो चिकट बाजू आत करून दुमडावा, उघड्या कचऱ्यात टाकू नये.

मामांचा डोस त्यानंतर नव्याने बसवला गेला, अल्प्राझोलम बंद झाले आणि ते पुढे चार महिने, बहुतेक दिवस वेदनेशिवाय, ओटीवर बसून पेपर वाचत राहिले. रात्रीचे श्वास मामी मोजत असे. ते गेल्यावर दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी तिने वही आणि उरलेल्या अकरा गोळ्या माझ्या हाती दिल्या. जिथून औषध घेतले होते त्या केंद्रात त्या परत केल्या. तिथल्या बाईंनी त्या दोनदा मोजल्या, रजिस्टरमध्ये नोंद केली आणि माझी सही घेतली.